सोबतीची सनद

हा मजकूर आम्ही लिस्बन शहरातील एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर बसून लिहीत आहोत. या मासिकाच्या वाचकांना आमची ओळख आहे ती पेडणे व डिचोली येथील न्यायालयांत वकिली करणारा आणि फावल्या वेळी चार ओळी खरडणारा एक इसम म्हणून. त्यांतील पहिली गोष्ट सांप्रत खरी राहिलेली नाही. आमची सनद आम्हीच अर्ज करून तहकूब ठेवली आहे. येथे आम्ही कोण, हे सरकारी कागदात एकाच शब्दात नमूद आहे. तो शब्द 'अवलंबित'.

गेल्या श्रावणात दिल्लीहून छापील नमुने आले, त्यांत हा शब्द प्रथम दिसला. वीस वर्षे आम्ही दुसऱ्यांचे अर्ज भरून दिले. कूळ, मुंडकार, वारस, कुलमुखत्यार, यांपैकी कोणत्या रकान्यात कोणाचे नाव घालावे, हे आम्हांस झोपेतही सांगता आले असते. परंतु अधिकाऱ्याच्या जागी पत्नीचे नाव आणि अवलंबितांच्या यादीत अनुक्रमांक एकवर आपले, हे पाहून लेखणी अंमळ थबकली. अनुक्रमांक दोनवर आमची सात वर्षांची कन्या होती. तिला त्याचे काहीच वाटले नाही.

सौभाग्यवतीचे नाव येथे छापीत नाही. नाव न घेण्याचा जुना प्रघात पाळतो असे नव्हे, ती आता परराष्ट्रखात्याची नोकर आहे म्हणून. डिचोली तालुक्यातील एका महाविद्यालयात ती इतिहास शिकवीत असे. वयाच्या अटीत बसणारा शेवटचा प्रयत्न उरला असता तिने केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली नि उत्तीर्ण झाली. पुढे मसुरी, मग दिल्लीची परराष्ट्र सेवा संस्था. भाषा वाट्याला आली पोर्तुगीज, आणि पहिली नेमणूक लिस्बनच्या भारतीय वकिलातीत तृतीय सचिव म्हणून. परीक्षेच्या काळात आम्ही मोठे उदार होतो. पहाटे चहा करून देत होतो, पाहुण्यांना वाटेतच थोपवीत होतो, मुलीला शाळेत पोचवीत होतो, आणि चारचौघांत ते सांगतही होतो. त्या उदारतेला तोवर काही किंमत पडलेली नव्हती.

नेमणुकीची बातमी पसरली तेव्हा डिचोलीच्या वकिलांच्या खोलीत आमचे यथासांग स्वागत झाले. एक ज्येष्ठ वकीलबाब म्हणाले, "घरजांवय आयकल्लो, वकिलातीचो घरजांवय पयलेच खेपे पळयतां." सगळे हसले, आम्हीही हसलो. मात्र घरी येईपर्यंत तो विनोद डोक्यात घोळत राहिला, कारण त्यात त्यांना अभिप्रेत नसलेलाही एक अर्थ होता.

मराठी राज्याच्या कागदपत्रांत वकील म्हणजे न्यायालयात उभा राहणारा नव्हे. परक्या दरबारी जाऊन आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील, आणि म्हणूनच दूतावासाला आपण अद्यापि वकिलात म्हणतो. पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातील राजनैतिक प्रतिनिधींवर १९५२ साली पोर्तुगीज भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडील हिंदू घराण्यांतील किती माणसे गोव्याच्या सरकारचे वकील म्हणून मराठ्यांच्या दरबारी वावरत होती, हे त्यात पाहावयास मिळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या दरबारी पोर्तुगिजांचे काम पाहणारे नारायण शेणवी धुमे हे त्यांपैकीच. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेले, तोही याच सुमाराचा काळ. तेव्हा त्या जुन्या अर्थाने आमच्या घरातील खरी वकील सौभाग्यवतीच ठरते. आम्ही नुसते कोर्टातले.

असो. इतिहास सांगून खरी गोष्ट लांबणीवर टाकण्याची खोड आम्हांस जुनी आहे. खरी गोष्ट ही, की आम्ही प्रथम नकार दिला होता.

नकार असा तोंड उघडून दिला नाही. वकील माणूस नकार देत नाही, मुदत मागतो. "तू पुढे हो, इथली कामे आटोपली की येणे होईलच," असे आम्ही म्हणालो. सत्तर-ऐंशी प्रकरणे हाती होती. म्हातारी आई पेडण्याच्या घरी. देवघरातील पूजा, चतुर्थीची माटोळी, गावच्या देवळातील आमच्या घराकडची पाळी. एकेक कारण खरे होते, आणि सगळी कारणे मिळून खोटी होती. सौभाग्यवती काही वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या कायद्यात हे घर निम्मे माझे. बागायत निम्मी माझी. उद्या तुम्हाला कर्ज झाले तर तेही निम्मे माझे. मग ही नेमणूक तेवढी एकटीची माझी कशी?"

गोव्याबाहेरील वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे १८७० पासून लागू झाला, आणि विवाहाबाबतचे त्याचे नियम मुक्तीनंतरही राहिले. लग्नापूर्वी निराळा करार नोंदविला नसेल, तर पतिपत्नीची मिळकत समाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. एकाला दुसऱ्याच्या सहीवाचून स्थावर विकता येत नाही. आम्ही हे किती अशिलांना समजावून दिले असेल त्याची गणती नाही. "बायकोला विचारायचे काय त्यात?" म्हणणाऱ्या गृहस्थांना आम्ही खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, तिच्या सहीचे महत्त्व सांगितले आहे. कर्जाविषयीचे सौभाग्यवतीचे विधान कायद्याला धरून सरसकट बरोबर नव्हते. पण ती वेळ दुरुस्ती सुचविण्याची नव्हती.

१९६१ हे साल आपण १९ डिसेंबरासाठी ध्यानात ठेवतो. त्याच वर्षी एप्रिलात व्हिएन्ना येथे राजनैतिक संबंधांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आम्ही आज ज्या छत्राखाली राहतो ते त्याचेच. आणि त्याच वर्षाचे भारतीय परराष्ट्र सेवेचे नियम असे होते, की स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि लग्नानंतर घरसंसारामुळे कामात बाध येतो असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास सांगता यावे. विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्क म्हणून नाही, असेही एक कलम होते. या सेवेत १९४९ साली शिरलेल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी ते सर्व सर्वोच्च न्यायालयापुढे नेले. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कोरडे ओढले. संसाराची जबाबदारी स्त्रीच्या कामात आड येत असेल तर ती पुरुषाच्या कामातही येऊ शकते, मग परवानगी एकटीलाच का, असा त्यांच्या विचारण्याचा आशय होता. दरम्यान मुथम्मांना बढती मिळाली होती, म्हणून अर्ज निकालात निघाला, पण नियमांची गत व्हायची ती झाली.

हा निकाल आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केला होता. पुढे एका चर्चासत्रात त्यावर भाषणही ठोकले आणि टाळ्या घेतल्या. आता मात्र आमच्याच ओसरीवर, आमचा संसार पत्नीच्या कामाच्या आड येत होता आणि परवानगी देण्या-न देण्याच्या आसनावर आम्हीच जाऊन बसलो होतो.

मराठी माणसांत या सेवेचे एक जुने व ठळक उदाहरण औंधचे आप्पासाहेब पंत यांचे. राजपुत्र, बॅरिस्टर, औंध संस्थानचा कारभार पाहिलेले. १९४८ साली पंडित नेहरूंनी त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस धाडले. त्यानंतर गंगटोक, जाकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम. त्यांच्या पत्नी नलिनीबाई या शल्यविद्येतील पदवी मिळविलेल्या डॉक्टर. चरित्रकोशांतील नोंदींत पतीच्या नेमणुकांची रांग लागते आणि पत्नी एका ओळीत आटोपते. आम्ही पूर्वी अशा नोंदी वाचताना ती ओळ ओलांडून पुढे जात असू. यंदा त्या ओळीशी आम्ही बराच वेळ थांबलो. नैरोबीला जायचे ठरले तेव्हा आपल्या रुग्णांना एखादी डॉक्टरीण काय सांगून निघत असेल?

तथापि आमचे मन फिरविले ते मुथम्मांनीही नव्हे नि पंतांनीही नव्हे. आईने फिरविले, आणि तेही आम्ही तिच्याकडे तक्रार घेऊन गेलो असताना.

तिचे पहिले म्हणणे अपेक्षेप्रमाणेच होते. "पुता, बायल वता थंय घोव गेलो म्हणून लोक हांसतले. हांसूं दी. पूण देवाची पुजा कोण करतलो?" आम्हांला बरे वाटले. सबळ साक्षीदार मिळाला असे वाटले. परंतु आई उठली, आपली जुनी पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून एक घडीचा कागद काढून तिने आमच्या हाती दिला. वकिलाची नजर प्रथम तारखेकडे जाते. साल १९७२. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून तिच्या नेमणुकीचा तो हुकूम होता.

आईचे कुळार मये येथील. पेडण्याचेच सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते, गावोगावी मराठी शाळा निघत होत्या नि शिकलेल्या मुलींना बोलावून नोकऱ्या मिळत होत्या. आई पाच महिने शिकविण्यास गेली. मग आमच्या वडिलांशी लग्न ठरले, पेडण्याहून तिकडे रोज जाणे-येणे कोणाच्या मनातही आले नाही, आणि नोकरी सुटली. सुटली हा शब्द तिचा. राजीनामा कोणी लिहिला हे तिला आठवत नव्हते, बहुधा आजोबांनी. त्रेचाळीस वर्षे आम्ही तिच्या हातचे जेवलो आणि आपली आई शिक्षिका होती हे आम्हांस ठाऊक नव्हते.

"कधी बोलली नाहीस ती?" आम्ही विचारले.

"विचारीनासतना कशें सांगप?" ती म्हणाली. मग जराशाने, "त्या पांच म्हयन्यांनी भुरगीं म्हाका बाई म्हणटालीं." कागद परत घेऊन, पूर्वीच्याच घड्यांवर घडी करून, तिने पेटीत ठेवला.

आमच्या ओसरीवरील आसन त्या दिवशी मोडले. पूजेचे आईनेच ठरविले. शेजारच्या वाड्यावरील चुलतभावाचा मुलगा सकाळी येऊन पूजा करील, सायंकाळचा दिवा ती लावील. चतुर्थीला मूर्ती यायची तिथेच येईल, माटोळी तो मुलगा बांधील. देवळातील पाळी भावकीने वाटून घेतली. आम्ही ज्या गोष्टी आमच्यावाचून अडतील म्हणून सांगत होतो, त्यांची व्यवस्था एका दुपारी झाली. खरे सांगायचे तर त्याचे आम्हांस थोडे वाईटही वाटले.

देवांनाही स्थलांतर चुकलेले नाही, हे या मासिकाच्या वाचकांस सांगणे म्हणजे गोमंतकात नारळ विकायला नेणे होय. दिवाडी बेटावरील नार्वे गावचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदी ओलांडून डिचोली महालात आला, आणि त्याच्याबरोबर गावाचे नावही आले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधविले. लहानपणी मामाच्या गावाहून तिकडे जात असू तेव्हा देव कसा आला तेवढेच सांगत. त्या काळी देवाबरोबर जी माणसे घरे सोडून आली, त्यांतल्या बायका कोणत्या वस्तू घेऊन निघाल्या असतील, हा प्रश्न आमच्या मनात चाळिशी उलटून गेल्यावर आला.

सौभाग्यवती चतुर्थी उरकून पुढे गेली. मुलीला घेऊन आम्ही कोजागिरीनंतर निघावयाचे ठरले, कारण पेडण्याची पुनव चुकवायची नव्हती. भगवतीच्या देवळासमोरचे दगडी हत्ती, रवळनाथ-भूतनाथांची तरंगे, पहाटेपर्यंतची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन नको. आख्यायिका अशी, की भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवे असते. ते होत नाही. देव रुसतो, रानाच्या दिशेने धाव घेतो, आणि भक्तजन त्याला अडवून, बांधू म्हणून आश्वासन देऊन, परत आणतात. दरवर्षी तेच. यंदा मुलगी आमच्या खांद्यावर होती. तिने विचारले, "त्याला जायचे आहे तर जाऊ का देत नाहीत?" गर्दीत ऐकू न आल्यासारखे आम्ही केले.

प्रकरणे सोपविण्याचे काम मात्र कोणाच्या व्यवस्थेने हलके होण्यासारखे नव्हते. अशिलाला दुसऱ्या वकिलाकडे देणे म्हणजे नुसते नवे वकीलपत्र भरणे नव्हे. कोणाचा भाऊ कोणाशी बोलत नाही, कोणता साक्षीदार दुपारनंतर विश्वासाचा नाही, कोणत्या पोर्तुगीज दस्तात चतुःसीमेची चूक आहे, हे कागदावर नसते. महिनाभर आम्ही आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याला रोज सायंकाळी बसवून ते तोंडी सांगत होतो. तो चांगला आहे. पण बोलताना खाली पाहतो.

त्यांतील एक अशील मोप पठाराखालचा म्हातारा. विमानतळासाठी मोप, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे, आंबेरे या गावांतील जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली गेल्या, त्यांत याची काजूची बाग गेली. मिळालेला मोबदला थोडा, म्हणून वाढीव मोबदल्याचा दावा, आणि तो अजून चालूच. २०२३ च्या जानेवारीत तिथून विमाने उडू लागली तेव्हा म्हाताऱ्याने आम्हांस सांगितले होते, की रात्री दिवे दिसतात, बरे दिसतात. आम्ही निघालो तेही त्याच विमानतळावरून, दिल्लीमार्गे. तो निरोपाला आला होता, धुतलेला सदरा घालून. आत त्याला सोडीनात, म्हणून दारातच उभा राहिला. "वकीलबाब, म्हजी फायल?" एवढेच म्हणाला. आम्ही सहकाऱ्याचे नाव सांगितले. त्याने मान हलवली. विमान धावू लागले तेव्हा मुलीला काजूची बाग कुठे होती ते दाखवावे असे मनात होते, पण सगळे सारखेच दिसत होते.

येथे येऊन आता पाच महिने झाले. व्हिएन्ना कराराच्या सदतिसाव्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्याच्या घरातील माणसांनाही संरक्षण आहे, मात्र ती माणसे यजमान देशाची नागरिक नसली तरच. यात आमच्या बाबतीत एक गंमत आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि वडिलांच्या जन्मामुळे तो मार्ग आम्हांसही मोकळा होता. आमच्या गावातीलही दोघातिघांनी तो धरला. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्यांचे भारतीयत्व गेले नि ते युरोपात रुजले. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही, त्यांचे अर्ज आम्हीच तपासून दिले होते. पण ते ज्या शहराच्या दफ्तरात आपले नाव लावतात, त्याच शहरात आम्ही भारताचे तांबूस राजनैतिक पारपत्र खिशात घालून, परके म्हणून हिंडतो. याच शहरात भारताची वकिलात १९४९ साली उघडली आणि गोव्याच्या प्रश्नावरून १९५३ साली बंद झाली, पुन्हा संबंध जुळले ते १९७४ च्या अखेरीस. सौभाग्यवती सकाळी तिकडे जाते. तिच्या टेबलावरचे विषय ती घरी आणीत नाही व आम्ही विचारीत नाही.

आणखी एक गंमत वकिलांपुरती. ज्या कायद्यावर आमची वीस वर्षे गेली तो १८६७ चा कायदा येथे उरलेला नाही. पोर्तुगालने १९६६ साली नवा केला आणि नवराबायकोची सगळी मिळकत आपोआप समाईक होण्याची जुनी रीत १९६७ पासून सोडली. आता निम्मे-निम्मे ते लग्नानंतर कमावलेल्याचे. येथील एका वृद्ध वकिलाला आम्ही सांगितले की आमच्याकडे तुमचा जुना कायदा शाबूत आहे, तेव्हा त्याने पणजोबांचे घड्याळ चालू आहे असे ऐकावे तसे पाहिले. येथील न्यायालयात आमच्यावर बहुतेक दावे चालणार नाहीत. आम्हांसही कोणाचा दावा चालवता येणार नाही, आणि दुसरे काही काम करायचे तर दोन सरकारांची संमती हवी. म्हणून आम्ही मुलीला शाळेत पोचवितो, बाजारात मासळीवाल्याशी तुटक्या पोर्तुगिजीत घासाघीस करतो, बांगड्यासारखा दिसणारा मासा आणून त्याचे हुमण करतो. कोकम संपत आले आहे. कोणी विचारले, आपण काय करता, तर पहिले दोन महिने आम्ही "वकील होतो" असे सांगत असू. आता नुसते सौभाग्यवतीचे नाव सांगतो, तेवढ्याने भागते.

हा लेख वाचून सौभाग्यवतीने एकच शंका काढली. "यातल्या 'आम्ही'त मी आहे का?" लेखकाचे 'आम्ही' एकट्याचे असते, तो जुना संकेत आहे, असे आम्ही सांगितले. ती "बरे" म्हणाली, आणि दोन ठिकाणची शुद्धलेखनाची चूक दाखविली.

पेडण्यात दिवेलागण होते तेव्हा येथे दुपारचा दीड वाजलेला असतो. दिवा लावून झाला की आई फोन करते. काल तिने सांगितले, की मोपचा म्हातारा घरी येऊन केळ्यांचा घड ठेवून गेला. पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि नवा वकील साक्षीच्या वेळी बोलेल ना, हे विचारीत होता. आम्ही रात्री बसून सहकाऱ्याला सविस्तर पत्र लिहिले. सरकारी मूल्यमापकाची उलटतपासणी कोठून सुरू करावी, कोणता नकाशा आधी दाखवावा, आणि बोलताना समोर पाहावे. पत्र पुरे झाल्यावर आठवले की सनद तहकूब आहे, असा सल्ला देणे आम्हांस शोभेल की नाही कोण जाणे. पाकीट मेजावर तसेच आहे. सौभाग्यवती कचेरीतून आली की तिला विचारावयाचे आहे.